क्वचित लागणारी कळ कुठे ठेवावी?

मंडळी, ज्यांच्या घरी किंवा गावच्या चावडीवर जुना व्हॉल्व्हचा रेडिओ होता, त्यांना त्याचं तोंड अजून आठवत असेल. पुढच्या बाजूला दोन-चार बटणं. एकानं आवाज कमीजास्त करायचा, दुसऱ्यानं केंद्र लावायचं, तिसऱ्यानं पट्टा बदलायचा. एवढ्यावर वर्षानुवर्षं भागत असे. परंतु त्याच पेटीच्या पाठीमागचा पुठ्ठा काढला, की आत आणखी पुष्कळ बारीक स्क्रू दिसत. त्यांना ट्रिमर म्हणत. ते ऐकणाऱ्यासाठी नव्हते, दुरुस्ती करणाऱ्यासाठी होते. एखाद्या हौशी पोरानं पेचकस घेऊन ते फिरवले, की गाण्याच्या जागी नुसती खरखर ऐकू येई आणि मग तालुक्याच्या गावी खेप पडे.

म्हणजे पाहा, रेडिओ बनवणाऱ्यानं एक निवाडा आधीच करून ठेवलेला होता. रोजचं ते पुढं, क्वचितचं ते मागं. आज शाळेत संगणक आहे आणि खिशात मोबाईल आहे, आणि त्या दोहोंतही हाच निवाडा कोणीतरी तुमच्या-आमच्या वतीनं केलेला आहे. ‘सेटिंग’ या नावाचं जे दालन आपण उघडतो, त्यात काय दिसावं, काय दडवावं आणि काय मुळीच असू नये, यावर सॉफ्टवेअर करणाऱ्या मंडळींत चाळीस वर्षांहून अधिक काळ वाद चालू आहे. वाद वरवर किरकोळ वाटतो, परंतु आपल्या देवनागरी अक्षरांनादेखील त्याची झळ लागलेली आहे. ती हकीकत पुढं येईलच. आधी मूळ गोष्ट.

चित्रांचा पडदा येण्यापूर्वी हा प्रश्नच नव्हता. काळ्या पडद्यावर अक्षरं टाइप करून हुकूम द्यायचा, आणि यंत्राच्या सवयी बदलायच्या असतील तर एका साध्या मजकुराच्या फायलीत ओळ लिहायची. ज्याला ठाऊक तो लिही. ज्याला ठाऊक नाही त्याला ती फाईल आहे हेदेखील कळत नसे. मग १९८१ साली अमेरिकेतल्या झेरॉक्स कंपनीनं ‘स्टार’ नावाचं यंत्र बाजारात आणलं. खिडक्या, चित्रं, माउस असं आज आपल्याला परिचित असलेलं पुष्कळसं त्यात होतं. किंमत मात्र एका यंत्राला सोळा हजार डॉलरच्या वर, त्यामुळं ते फारसं खपलं नाही. पण त्याच्या कर्त्यांनी सेटिंगचा एक सुबक विचार केला होता. कळफलकावर एक स्वतंत्र कळ ठेवली होती, गुणधर्म दाखवण्याची. अक्षर निवडा आणि ती कळ दाबा, की अक्षराच्या गुणधर्मांचा तक्ता उघडे. कागद निवडून तीच कळ दाबा, तर कागदाचा. सगळ्या सेटिंगांचं एक मोठं कोठार करण्याऐवजी ज्या वस्तूची सेटिंग, ती त्या वस्तूच्याच पोटात ठेवलेली होती. आपल्याकडं कुदळीचा दांडा कुदळीलाच असतो. दांड्यांची वेगळी खोली कोणी बांधत नाही.

तीन वर्षांनी, जानेवारी १९८४ मध्ये, ॲपल कंपनीचा मॅकिंटॉश आला. त्यानं सगळ्या सवयी एका लहानशा खिडकीत बसवल्या, आणि तीत चित्रंच फार. सुझन केअर या चित्रकर्तीनं त्या यंत्राची चित्रं काढली. वेग कमी हवा की जास्त, हे सांगायला एका टोकाला कासव आणि दुसऱ्या टोकाला ससा! ही गोष्ट शिकवायला गुरुजी लागत नाहीत. परंतु एवढं सोपं करता आलं, याचं एक कारण असंही होतं की बदलण्यासारखं त्या यंत्रात थोडंच होतं.

त्याच वर्षी आयबीएम कंपनीतल्या जॉन कॅरोल आणि कॅरोलिन कॅरिथर्स या दोघा संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. शिक्षक मंडळींनी तो ध्यानात ठेवण्यासारखा आहे. लेखन करण्याचं एक बाजारातलं सॉफ्टवेअर त्यांनी घेतलं आणि नवशिक्या माणसांसाठी त्यातल्या अवघड कामांची दारं बंद केली. लहान मुलाच्या सायकलीला मागं दोन जादा चाकं लावतात ना, त्याच चाकांचं नाव त्यांनी या युक्तीला दिलं. ज्यांना ही चाकांची आवृत्ती दिली, ती माणसं लवकर कामाला लागली आणि चुका निस्तरण्यात त्यांचा वेळ कमी गेला. आता यातली बारीक गोष्ट पाहा. अवघड कामांची नावं त्यांनी यादीतून काढून टाकली नव्हती. नाव दिसत होतं. निवडलं, तर ‘हे काम या शिकाऊ यंत्रात मिळणार नाही’ अशा अर्थाची सूचना येई. पाटी दिसत होती, दार तेवढं बंद होतं. पुढं कित्येकांनी ‘सोपं करा’ म्हणताना पाटीसुद्धा उतरवली, आणि माझ्या मते तिथंच गोष्ट बिघडत गेली.

मायक्रोसॉफ्टच्या विंडोजचा मार्ग निराळा. १९९२ च्या विंडोज ३.१ मध्ये पुष्कळशा सवयी साध्या मजकुराच्या फायलींत असत, आणि कोणालाही त्या उघडून वाचता येत. १९९५ च्या विंडोजपासून त्यांची जागा मुख्यतः ‘रजिस्ट्री’ नावाच्या एका प्रचंड वहीनं घेतली. तिच्यात चुकीचा फेरफार झाला तर यंत्र सुरूसुद्धा होणार नाही, अशी तिची ख्याती. मग झालं काय, की पडद्यावर न दिसणाऱ्या पण लोकांना हव्या असलेल्या सेटिंगांसाठी कंपनीच्याच काही मंडळींनी ‘ट्वीक यूआय’ नावाचं एक लहान साधन केलं आणि ते फुकट वाटलं. सोबत सांगितलं, की याची जबाबदारी आमच्यावर नाही. पुढच्या दारानं ‘हे तुम्हाला लागणार नाही’ म्हणायचं आणि मागच्या दारानं किल्ली द्यायची, असा तो व्यवहार होता.

याच कंपनीनं १९९९ साली आणखी एक युक्ती काढली, आणि ती चांगलीच अंगाशी आली. ऑफिस २००० या संचात मेनू स्वतःच आखडू लागले. तुम्ही जी आज्ञा वापरत नाही ती यादीतून नाहीशी होई, आणि खालच्या बाणावर टिचकी मारली किंवा थोडा वेळ थांबलं की परत दिसे. हेतू चांगला होता. गर्दी कमी व्हावी, रोजचं तेवढं समोर राहावं. परंतु माणूस वस्तू शोधतो ती नावानं थोडी आणि जागेनं जास्त. घरातली मिठाची बरणी तिसऱ्या फळीवर डाव्या हाताला असते. अंधारातही हात तिथंच जातो. कोणी रोज रात्री फळीवरच्या बरण्या वापराप्रमाणं पुढंमागं करू लागला, तर घरधनीण त्याचं कौतुक करील काय? ऑफिसच्या २००७ च्या आवृत्तीत मुख्य कार्यक्रमांचे ते मेनूच गेले, आणि त्यांच्याबरोबर ही युक्तीही. त्या बदलाच्या वेळी कंपनीच्या मंडळींनी वापराचे आकडे सांगितले होते. वर्ड या कार्यक्रमात चिकटवणं, साठवणं, नक्कल करणं, केलेलं मागं घेणं आणि अक्षर ठळक करणं, या पाच आज्ञाच एकूण वापराचा जवळजवळ तिसरा हिस्सा भरत. उरलेल्या आज्ञा शेकड्यांनी, आणि त्यांतली प्रत्येक कोणा ना कोणाला हवी असलेली.

आता येतो तो खरा गाजलेला वाद. लिनक्स या मुक्त प्रणालीवर चित्रमय पडदा देणारे दोन मोठे प्रकल्प आहेत. जर्मनीतल्या माथियास एट्रिखनं १९९६ साली सुरू केलेला केडीई, आणि १९९७ साली मेक्सिकोच्या मिगेल दे इकासा आणि फेदेरिको मेना यांनी सुरू केलेला ग्नोम. हे काम स्वयंसेवकांच्या हातचं. दहाजण दहा प्रकारे वागा म्हणत, आणि भांडण मिटवायला सोपा उपाय म्हणून दहांसाठी दहा सेटिंगं ठेवली जात. ग्नोमच्या पहिल्या आवृत्त्यांत खिडकीच्या चौकटीच्या सवयींचीच पानंच्या पानं भरलेली होती.

२००२ साली हॅवॉक पेनिंग्टन या ग्नोमच्या कार्यकर्त्यानं या प्रथेविरुद्ध एक निबंध लिहिला. त्याचं म्हणणं असं, की सेटिंग फुकट मिळत नाही. तिची किंमत असते. एक तर गर्दी वाढली की कामाची सेटिंगही सापडत नाही. दुसरं, पुष्कळदा सेटिंग म्हणजे ‘माझं यंत्र दुरुस्त कर’ एवढाच तिचा अर्थ असतो. कार्यक्रमातला दोष काढायचा सोडून, दोष नको असेल तर इथं खूण करा, असं वापरणाऱ्याला सांगितलेलं असतं. तिसरी किंमत तपासणीची, आणि ती जरा हिशेबानं पाहू. पाटाला दहा दारं आहेत आणि प्रत्येक दार उघडं किंवा बंद असू शकतं, असं समजा. पाणी जाण्याचे प्रकार किती होतील? दहा वेळा दोन मांडून त्यांचा गुणाकार केला की १,०२४. दारं वीस झाली तर १०,४८,५७६. दहा लाखांवर प्रकार! सॉफ्टवेअरमधली प्रत्येक ‘हो की नाही’ची चौकट हे असंच एक दार असतं. सगळे प्रकार कोण तपासणार? मग ज्या जोडीला कोणी हात लावून पाहिलेला नाही, ती नेमकी तुमच्या वाट्याला येते.

हा युक्तिवाद मला मनापासून पटतो. त्याच वर्षी जून महिन्यात ग्नोम २.० आलं, ते पुष्कळ सेटिंगं छाटून. पडदा नीटस झाला. परंतु छाटणीची सवय एकदा हाताला लागली, की कोणती फांदी वाळलेली आणि कोणती फळाची, याचं भान राहत नाही. २००४ च्या मार्चमध्ये २.६ आवृत्तीत प्रत्येक कप्पा वेगळ्या खिडकीत उघडू लागला. चार कप्पे आत जायचं, तर चार खिडक्यांची चळत. जुनी पद्धत हवी, तर ती सेटिंग नेहमीच्या पानावर नव्हती. जाणकारांच्या निराळ्या साधनात जाऊन ती हुडकावी लागे. लोक एवढे कावले, की पुढं ती पडद्यावर आणावी लागली. २००५ च्या डिसेंबरात खुद्द लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्स यानं जाहीर पत्र लिहून ग्नोमवाल्यांना झोडपलं. वापरणाऱ्याला अडाणी समजून वस्तू केली, तर ती अडाण्यांखेरीज कोणी घेणार नाही, अशा आशयाचं ते होतं. त्यानं लोकांना केडीई घ्या असंही सांगितलं. भाषा कडक होती आणि थोडी अन्यायाचीही, कारण पेनिंग्टनच्या हिशेबाला तिच्यात उत्तर नव्हतं.

त्यावरही कडी झाली ती २०११ च्या एप्रिलमध्ये. ग्नोम ३ च्या पहिल्या आवृत्तीत यंत्र पूर्ण बंद करण्याची आज्ञाच मेनूत दिसेनाशी झाली! ‘झोपवा’ एवढंच दिसे. कळफलकावरची ऑल्ट कळ दाबून धरली, तरच तिच्या जागी ‘बंद करा’ उमटे. यंत्र झोपवलं की पुरे, बंद करायची गरज क्वचित, असा त्यामागचा विचार. ज्या गावात वीज केव्हा जाईल याचा नेम नाही, तिथल्या माणसाला हे विचारून तरी पाहायचं होतं. पुढच्या आवृत्त्यांत ती आज्ञा परत आली. आणि इथंही ट्वीक यूआयचीच पुनरावृत्ती झाली: छाटलेल्या सेटिंगांसाठी एक वेगळं फुकट साधन निघालं, ग्नोम ट्वीक टूल.

फायरफॉक्सची कथा थोडक्यात सांगतो. २००४ च्या नोव्हेंबरात त्याची १.० आवृत्ती आली, ती जुन्या अवजड मोझिला संचातून निवडक घेऊन. शेकडो दुर्मिळ सेटिंगं एका आतल्या पानावर ठेवली होती आणि पुढं त्या पानाच्या दारात एक गमतीची पाटी लावली: इथं शिरलात तर तुमची हमी रद्द होऊ शकते, आणि खालच्या बटणावर, मी जपून वागेन, असं वचन. ही सोय मला आवडते. दार आहे, पाटी आहे, धोक्याची सूचनाही आहे. मात्र २०१३ च्या ऑगस्टमध्ये २३ व्या आवृत्तीतून नेहमीच्या पानावरच्या काही चौकटी काढल्या. त्यांत एक होती ‘चित्रं आपोआप आणा’. कोणी चुकून ती खूण काढली तर गूगलचं पानसुद्धा मोडक्यासारखं दिसतं आणि माणूस म्हणतो, फायरफॉक्स बिघडला. असा काढणाऱ्यांचा मुद्दा, आणि तो खोटा नव्हता. परंतु ज्याचं इंटरनेट मुंगीच्या पावलानं चालतं आणि पैसे मोजून मिळतं, त्याच्यासाठी चित्रं बंद ठेवणं ही चूक नसून काटकसर होती. दोघांच्या वापराचा आकडा एकत्र केला, तर काटकसर करणारा त्यात बुडून जातो.

आणि म्हणूनच आता ती आपल्या अक्षरांची हकीकत. २००० सालच्या विंडोजमध्ये युनिकोड पद्धतीनं हिंदी आणि मराठी लिहिण्याची सोय प्रथम आली. २००१ च्या ऑक्टोबरात विंडोज एक्सपी निघालं. त्यातही सोय होती, परंतु आपोआप चालू नव्हती. नियंत्रण फलक उघडायचा, त्यात प्रदेश आणि भाषा हे चित्र, त्यात भाषा हे पान, आणि त्या पानावर एक रिकामी चौकट. तिच्यापुढं इंग्रजीत लिहिलेलं असे, त्याचा अर्थ: गुंतागुंतीच्या लिपी आणि उजवीकडून डावीकडं जाणाऱ्या भाषा यांच्या फायली बसवा; आणि कंसात, थाई धरून. मराठीचं नाव नाही, हिंदीचं नाही, देवनागरीचंही नाही. आपली लिपी ‘गुंतागुंतीची’ आहे हे बाराखडी घोकलेल्या कोणा मराठी माणसाच्या ध्यानात येणार? बरं, खूण केली की मग सूचना येई, की अरबी, आर्मेनियन, जॉर्जियन, हिब्रू, भारतीय, थाई आणि व्हिएतनामी भाषांच्या फायली बसतील, आणि त्यांना १० एमबी किंवा जास्त जागा लागेल. म्हणजे आपलं नाव दार उघडल्यावर आतल्या भिंतीवर! त्यानंतर यंत्र मूळ तबकडी मागे. शाळेतल्या संगणकाची मूळ तबकडी कुठे असते, हे शिक्षक मंडळींना मी सांगायला नको. शिवाय हे सगळं करायला यंत्राच्या व्यवस्थापकाचा अधिकार लागे.

ती खूण नसली, तर मराठी मजकुराच्या जागी चौकोन दिसत. किंवा अक्षरं उमटली तरी ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या अलीकडं येण्याऐवजी पलीकडं जाई आणि जोडाक्षरं पाय मोडून उभी राहत. पाहणारा म्हणे, संगणकाला मराठी जमत नाही. वस्तुतः संगणकाला जमत होतं; एका चौकटीत खूण नव्हती एवढंच. आपल्याकडं छपाईची आणि कचेऱ्यांची कामं श्रीलिपी, आकृती किंवा पुण्याच्या सी-डॅक संस्थेचं आयएसएम अशा साधनांवर, निरनिराळ्या जुन्या फॉन्टांत, दीर्घकाळ चालू राहिली. एकाचा मजकूर दुसऱ्याच्या यंत्रावर वाचता येत नसे. त्याचं कारण ही चौकट एकटी नव्हे. पानं जुळवण्याची साधनं युनिकोडला तयार नव्हती, जुना संग्रह मोठा होता, हाताला जुन्या कळफलकाची सवय होती. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानं १९८६ सालीच इन्स्क्रिप्ट कळफलक ठरवून दिला होता, तरी टंकलेखनयंत्रावर शिकलेली बोटं जुन्याच वाटेनं जात. तथापि नव्या माणसाला पहिल्याच पायरीवर ठेच लागण्याचं हे एक कारण होतं खास.

कंपनीच्या बाजूनंही बोललं पाहिजे. १० एमबी जागा त्या काळी अगदीच नगण्य नव्हती, आणि जगातल्या बहुसंख्य एक्सपीवाल्यांना त्या फायली लागत नव्हत्या. ‘क्वचित लागणारी सेटिंग’ हे वर्णन त्यांच्या वहीत खरंच होतं. परंतु हे क्वचित कोणाच्या मापानं मोजायचं? शंभर माणसांनी महिन्यातून एकदा वापरलेली कळ आणि एका माणसाला रोज लागणारी कळ, बेरजेत तीन-चारपटींचाच फरक. पण पहिली गेली तर शंभरांची थोडी गैरसोय, दुसरी गेली तर एकाचं काम बंद.

जानेवारी २००७ मध्ये विंडोज व्हिस्टा सर्वसामान्य ग्राहकांना मिळू लागली. तिच्यात ती चौकट पुढंही आणली नाही, मागंही ढकलली नाही; ती उरलीच नाही. भारतीय लिपी जात्याच चालू. कळफलक तेवढा निवडायचा राहिला. पेनिंग्टन म्हणत होता ते हेच, की मूळ वागणंच बरोबर ठेवा म्हणजे विचारावं लागत नाही. फक्त ते बरोबर कोणासाठी, हे ठरवताना मराठी माणूसही मोजला गेला.

आता पुष्कळ यंत्रांत सेटिंगच्या दालनाच्या माथ्यावर शोधण्याची चौकट असते. तिनं गर्दीचा प्रश्न बराच हलका केला. मागच्या फळीवरची वस्तूही नाव टाइप केलं की हाती येते. अट एकच, नाव ठाऊक पाहिजे, आणि तेही बनवणाऱ्यानं ठेवलेलं. २००१ साली ती चौकट असती आणि कोणी तीत ‘मराठी’ टाइप केलं असतं, तरी ‘गुंतागुंतीच्या लिपी’ची पाटी सापडली नसती. अँड्रॉइड मोबाईलात तर २०१२ पासून सॉफ्टवेअर घडवणाऱ्यांचं एक दालन अगदीच दडवलेलं आहे: फोनच्या माहितीत बिल्ड क्रमांकावर सात वेळा टिचकी मारावी, तेव्हा ते उघडतं. ते दालन दडवलं याचं मला वाईट वाटत नाही. ज्याला लागतं तो सात टिचक्या कुठूनतरी शिकून येतो, आणि बाकीच्यांचं त्यावाचून अडत नाही.

विंडोजमधली ‘स्टिकी कीज’ ही सोय मात्र गुरुजनांनी वर्गात एकदा दाखवावी. एकाच हातानं टाइप करणाऱ्याला दोन कळा एकदम दाबता येत नाहीत. या सोयीनं त्या एकामागून एक दाबल्या तरी चालतात. जगाच्या बेरजेत तिचा वापर थोडाच असणार. पण ती चालू करायला कोणत्याही दालनात शिरावं लागत नाही: शिफ्ट कळ ओळीनं पाच वेळा दाबायची, की यंत्र विचारतं, चालू करू काय? खेळ खेळणाऱ्या पोरांकडून ती चुकून पाच वेळा दाबली जाते, पडद्यावर मध्येच ती खिडकी येते आणि पोरं वैतागतात. विंडोज ९५ पासून किती आवृत्त्या झाल्या, पुष्कळ मेनू आले आणि गेले. ती पाच दाबांची वाट ठेवलेली आहे.